झपाटलेला ३ ला जायचं का? दुसऱ्या भागानं केलेली निराशा अजून विसरलो नाही

चौथी_रांग

'झपाटलेला'चा तिसरा भाग येणार अशी घोषणा झाल्यापासून आमच्या हॉस्टेलच्या जुन्या ग्रुपवर एकच विषय चाललाय. जायचं की नाही? चौघांपैकी दोघं हो म्हणतात, एक ठाम नाही म्हणतो, आणि मी मध्येच अडकलोय. म्हणून इथं विचारतोय.

पहिला भाग १९९३चा. मी तो टीव्हीवर पाहिला, पाचवी-सहावीत असताना. त्यानंतर बरेच दिवस आमच्या घराच्या माळ्यावर एकटा चढलो नाही, कारण तिथं बहिणीची एक जुनी बाहुली होती. ती सिनेमातल्या तात्या विंचू या झपाटलेल्या बाहुल्यासारखी जराही दिसत नव्हती, पण लहानपणी हे कोण कुणाला समजावणार! हॉस्टेलला आल्यावर कळलं की चौघांचंही बालपण त्या एकाच बाहुल्यानं घाबरवलेलं आहे. नगरवाला तर रात्री लाईट गेली रे गेली की खिडकीशी जाऊन घोगऱ्या आवाजात 'ओम फट् स्वाहा' सुरू करायचा. खालच्या मजल्यावरून शिव्या यायच्या.

७ जून २०१३ला दुसरा भाग आला. तोवर सगळे नोकरीला लागून पांगले होते. पण हा सिनेमा चौघांनी एकत्रच बघायचा हे ठरलेलं होतं. चिपळूणवाला रात्रीच्या बसनं आला, साताऱ्याच्यानं रजा टाकली. पुण्यात नुकताच पाऊस सुरू झालेला, भिजतच थिएटरात शिरलो. मराठीतला पहिला थ्रीडी म्हणून जाहिरात होती. चष्मे लावून ओळीनं बसलो आणि बाहुला पहिल्यांदा दिसला तेव्हा अख्ख्या थिएटरात शिट्ट्या. आमच्याही होत्या त्यात.

मध्यंतरात समोसे घेऊन उभे राहिलो तर कुणी बोलेना. एरवी आमच्यात एकाचं वाक्य दुसरा पुरं होऊ देत नाही. शेवटी साताऱ्याचा म्हणाला, "मला भीतीच वाटेना रे." तो तक्रार करत नव्हता. त्याला खरंच वाईट वाटत होतं.

मी यावर खूप विचार केलाय. मला वाटतं पहिल्या भागात आपण बाहुल्याला घाबरतच नव्हतो. आपण लक्ष्यासाठी, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डेच्या पात्रासाठी, घाबरत होतो. तो जीव तोडून सांगतोय की बाहुला जिवंत आहे, आणि कुणी म्हणजे कुणी विश्वास ठेवत नाही. तो खरं बोलतोय हे फक्त त्याला आणि आपल्याला ठाऊक. म्हणून त्याच्या चेहऱ्याकडे बघून हसू यायचं आणि त्याच वेळी पोटात गोळाही. दुसऱ्या भागात लक्ष्याचा मुलगा नायक आहे. आदिनाथ कोठारेनं काम मन लावून केलंय, त्याला मी दोष देणार नाही. पण पडद्यातून वस्तू अंगावर येतात आणि ज्याच्या दंडाला धरून घाबरावं असा माणूस काही सापडत नाही.

तुम्ही दुसरा भाग थिएटरात पाहिला होता का? कुणाबरोबर? काय खटकलं? आणि तिसऱ्याला जावं का?

आंबोळी

पाहिला. सगळी चुलत-मावस भावंडं मिळून नऊ जण. लक्ष्या नाही, एवढंच उत्तर.

घाटमाथा

आंबोळी, अगदी. लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ला गेले, अवघ्या पन्नाशीत. दुसरा भाग आला तेव्हा त्यांना जाऊन साडेआठ वर्षं झाली होती. ही पोकळी कुठल्याही पटकथेनं भरली नसती असं माझं मत आहे. महेश कोठारे आणि लक्ष्याची जोडी 'धूमधडाका'पासूनची, १९८५ची. नुसता एक नट गेला असं नाही, त्या दिग्दर्शकाची अर्धी भाषाच गेली.

तिखटमीठ

मी जरा वेगळं सांगते. मी सहा वर्षांच्या भाच्याला घेऊन गेले होते. त्यानं पहिला भाग पाहिलाच नव्हता. तो अख्खा वेळ माझ्या मांडीवर चढून बसला होता आणि घरी आल्यावर आठवडाभर एकटा बाथरूमला गेला नाही. त्याच्यासाठी तात्या विंचू म्हणजे २०१३चाच. आपण सगळे तिथं लक्ष्या शोधायला गेलो होतो, तो बाहुला बघायला आला होता. मग निराश कोण झालं, सिनेमाचा प्रेक्षक की पहिल्या सिनेमाचा प्रेक्षक?

चौथी_रांग

तिखटमीठ, हे मी कधी या बाजूनं पाहिलंच नव्हतं. पण मग मला सांगा, भाचा आता अठरा-एकोणीसचा असेल. त्याला तो सिनेमा आठवतो का? मला पहिल्या भागातले प्रसंग अजून क्रमानं सांगता येतात.

तिखटमीठ

विचारून सांगते.

पडद्यामागे

मी बारा वर्षं प्रोजेक्शनचं काम केलंय, म्हणून एक वेगळी गोष्ट सांगतो. त्या वेळी बऱ्याच लोकांनी "सिनेमा अंधारा वाटला" अशी तक्रार केली होती. त्यात दिग्दर्शकाचा किंवा छायालेखकाचा दोष धरण्याआधी थ्रीडी कसं चालतं ते बघा.

एकाच प्रोजेक्टरवर थ्रीडी दाखवताना डाव्या आणि उजव्या डोळ्याची चित्रं आलटून पालटून पडतात. म्हणजे प्रत्येक डोळ्याला निम्माच वेळ चित्र मिळतं. त्यात प्रोजेक्टरसमोरची काच थोडा उजेड खाते आणि तुमचा चष्मा आणखी थोडा. साध्या सिनेमासाठी पडद्यावर १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्याचा उजेड मोजायचं माप) उजेड असावा असं प्रमाण आहे. थ्रीडीत चष्म्यातून डोळ्यापर्यंत साडेतीन ते पाच पोचला तरी चांगलं मानायचे. त्यात दिवा जुना झाला असेल तर विचारू नका. ध्रुवीकरणाचा (दोन डोळ्यांना वेगवेगळ्या दिशेचा उजेड सोडणारा) चष्मा असेल तर पडदाही चंदेरी लागतो, साध्या पांढऱ्या पडद्यावर ती चित्रं एकमेकांत मिसळतात.

आता भुताचा सिनेमा म्हणजे निम्मी दृश्यं रात्रीची. बाहुला कपाटाच्या कोपऱ्यात बसलाय आणि त्याचे डोळे हळूच फिरतात, ही गंमत बारीक उजेडावर चालते. तीच चष्म्यात विरघळून जाते. मग उरतं काय, तर अंगावर येणाऱ्या वस्तू, कारण त्या तेवढ्या दिसतात.

मी कामावर असताना तो सिनेमा बराचसा चष्म्याशिवाय बघितलाय. दुहेरी दिसतो, पण उजळ दिसतो. बाहुल्याचं काम बघण्यासारखं आहे हे मी छातीठोक सांगतो.

चौथी_रांग

पडद्यामागे, मनापासून धन्यवाद. आमचा चिपळूणवाला सारखा चष्मा काढून बघत होता आणि आम्ही त्याला गप्प बसवत होतो. आजच ग्रुपवर तुमचा प्रतिसाद टाकतो, त्याला फार बरं वाटेल.

रातकिडा

थ्रीडीचा विषय निघालाय तर 'छोटा चेतन' कुणी पाहिलाय? मूळ मल्याळम, १९८४चा, भारतातला पहिला थ्रीडी. हिंदीत १९९८ला पुन्हा लागला होता तेव्हा आईनं नेलं होतं. आइस्क्रीमचा कोन समोर आल्यावर मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी हात पुढे केला होता. अख्खी रांग हसली, आजोबाही हसले.

ओढ्याकाठी

आमच्या गावच्या यात्रंत तंबू टाकीज यायचं. पयला झपाटलेला म्या तितंच बघितला, १९९५-९६ ची गोष्ट आसंल. पडदा मधी टांगलेला, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. मागच्या बाजूनं सगळं उलटं दिसायचं, पण कुणाला काय फरक पडत नव्हता. खाली माती, बसायला आपापलं पोतं. तात्या विंचू आला की पोरं पोत्यात शिरायची.

आमी सहा जण दोस्त होतो. शिनमा सुटल्यावर घरला जायची वाट ओढ्यातनं, आणि बॅटरी एकच. ज्याच्या हातात बॅटरी त्येच्या मागं पाच जण शर्ट धरून. मधीच एकानं आवाज काढला आणि बॅटरीवालाच पळाला! बाकीचे अंधारात. त्या रातची आठवण काढून आमी आजबी हसतो.

दुसरा भाग तालुक्याच्या थेटरात बघितला, त्याच सहा जणांनी. गार हवा, मऊ खुर्ची, समदं चांगलं. बाहेर आलो, गाड्या काढल्या, दहा मिंटात घरी. कुणाला कुणाचा शर्ट धरावा लागला न्हाई. मला वाटतं निम्मी भीती ओढ्यातली हुती.

मृदगंध

ओढ्याकाठी, काय लिहिलंय! दोनदा वाचलं.

बाहुलीवाली

तात्या विंचूवर एवढं लिहिताय आणि रामदास पाध्ये यांचं नाव अजून आलं नाही म्हणून लॉगिन केलं.

तो बाहुला त्यांनी घडवलेला. त्यांचे वडील य. के. पाध्ये हे आपल्याकडचे शब्दभ्रमाचे, म्हणजे ओठ न हलवता बाहुल्याला बोलतं करण्याच्या कलेचे, आद्य कलाकार. 'अर्धवटराव' हा बोलका बाहुला त्यांचा. पाध्यांचा बोलक्या बाहुल्यांचा कार्यक्रम आमच्या शाळेत झाला होता. मी पहिल्या रांगेत होते. त्यांचे ओठ हलत नाहीत हे बघायचंच असं ठरवून बसले होते आणि दोन मिनिटांत विसरले, कारण मी अर्धवटरावाकडेच बघत होते. हीच ती कला. बोलणारा समोर उभा असतो आणि तुम्ही त्याला बघतच नाही.

आता हे बघा, पहिल्या सिनेमात लक्ष्या स्वतः शब्दभ्रमाचा नाद असलेला आहे. म्हणजे बाहुला बोलला तर लोकांना वाटणार की लक्ष्याच बोलतोय! कुणी विश्वास का ठेवत नाही, याचं कारण त्याच्या छंदातच दडलंय. मला ही त्या पटकथेतली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. चौथी_रांग, तुम्ही म्हणता ती एकट्या पडलेल्या लक्ष्याची भीती इथून येते.

आणि आवाज दिलीप प्रभावळकरांचा. चिमणराव आणि टिपरे आजोबा करणारा माणूस तात्या विंचूचा आवाज काढतो हे मला मोठेपणी कळलं तेव्हा विश्वास बसला नाही. दुसऱ्या भागातही आवाज त्यांचाच आहे आणि तो तसूभरही कमी पडलेला नाही. बाहुला तोच, आवाज तोच, दिग्दर्शक तोच. तरी जमलं नाही. बाहुल्याशी बोलणारा बदलला की बाहुलाही बदलतो. शब्दभ्रमकार हे पहिल्या दिवशी शिकतात.

हडसनकाठ

बाहुलीवाली, फार सुंदर मुद्दा. त्याला जोडून एक.

'झपाटलेला'चा बेत १९८८च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकन सिनेमावर आहे हे अनेकांना माहीत असेल. गुन्हेगार मरताना आपला आत्मा बाहुल्यात घालतो, आणि ज्याला त्यानं आपलं खरं नाव पहिल्यांदा सांगितलं त्याच्याच शरीरात त्याला जाता येतं, हा सगळा सांगाडा तिथला. इथं आल्यावर मी तो मुद्दाम पाहिला, आमच्या इथल्या पाच-सहा मराठी मित्रांना घरी बोलावून. तिथं बाहुला सहा वर्षांच्या मुलाच्या मागे लागतो. लहान मूल म्हटल्यावर मोठी माणसं विश्वास ठेवत नाहीत हे ओघानं आलंच.

कोठारेंनी मुलाच्या जागी लग्नाच्या वयाचा, आईचा लाडका, भोळा लक्ष्या ठेवला. मोठ्या माणसावर कुणी विश्वास का ठेवू नये, याचं उत्तर म्हणून शब्दभ्रम आणला. सांगाडा बाहेरचा असेल, पण रक्त आपल्याकडचं आहे. मंत्र, बाबा चमत्कार, हवालदार, आई. सिनेमा संपल्यावर सगळ्यांचं एकमत झालं की आपला जास्त चांगला आहे. आम्ही सगळे मराठी होतो हे खरं, पण एकाची पंजाबी बायकोही हेच म्हणाली. तिनं लहानपणी 'झपाटलेला'चं हिंदी डबिंग पाहिलं होतं, 'खिलौना बना खलनायक'.

वऱ्हाडी_ठेचा

काय सांगता बाप्पा! आमच्याकडे अमरावतीले ते हिंदीच जास्त चालायचं. मले कित्येक वर्षं वाटे का मूळ हिंदीच आहे.

घाटमाथा

थोडं विषयांतर करतो. सिक्वेलची निराशा म्हटलं की माझ्यासाठी 'टाइमपास २'. पहिला जानेवारी २०१४चा, दुसरा १ मे २०१५ला आला. दोन वर्षंही झाली नव्हती आणि दगडू-प्राजक्ता मोठे झालेले! प्रथमेश परब आणि केतकी माटेगावकरच्या जागी प्रियदर्शन जाधव आणि प्रिया बापट. दोघंही ताकदीचे नट आहेत, मला आवडतात. पण पहिल्या सिनेमात त्या दोघांची ताटातूट मनाला लागली ती त्या वयाची होती. मी आणि माझी तेव्हाची मैत्रीण (आताची बायको) पहिला बघून रडलो होतो. दुसऱ्यात ती माझ्या कानात म्हणाली, "हे कोण आहेत?" तिथं माझ्यासाठी सिनेमा संपला.

मृदगंध

माझं उलट मत आहे घाटमाथा. नट बदलले म्हणूनच मला ते खरं वाटलं. पंधरा वर्षांनी भेटणारी माणसं वेगळीच असतात. शाळेच्या गेट-टुगेदरला जाऊन बघा.

घाटमाथा

मृदगंध, गेट-टुगेदरला मी जाऊन आलोय. सगळे टक्कल पडून आणि सुटलेल्या पोटांनी आले होते आणि पाच मिनिटांत सगळे तेच निघाले. माझा मुद्दा हाच आहे!

सांजवेळ

चांगल्या सिक्वेलचं उदाहरण कुणीतरी द्यायला हवं म्हणून मी देते. 'मुंबई-पुणे-मुंबई २'. पहिल्यात (२०१०) दोनच माणसं आणि एक दिवस, आणि दोघांना नावंसुद्धा नाहीत. दुसऱ्यात (२०१५) त्यांचं लग्न ठरतं, दोन्ही घरं येतात. पहिल्या भागानं ज्या दारात सोडलं तिथूनच पुढं पाऊल टाकलं. आम्ही तिघी मैत्रिणी पहिला कॉलेजात असताना पाहिला आणि दुसरा आला तेव्हा आमच्यातल्या एकीचं लग्न तीन आठवड्यांवर होतं. नायिकेला धाकधूक होऊ लागली तशी आमची ती गप्प झाली. बाहेर आल्यावर कॉफी घेताना दोन तास फक्त ती बोलत होती. सिनेमानं तिला बोलतं केलं. म्हणून मी त्या सिनेमाला कधीच वाईट म्हणणार नाही.

रातकिडा

सांजवेळ, तुमच्या मैत्रिणीबद्दल वाचून छान वाटलं, पण सिनेमाबद्दल असहमत. पहिल्यात नावं नव्हती हीच तर मजा होती. दुसऱ्यात गौतम आणि गौरी अशी नावं कळली आणि ते दोघं कुणाचे तरी शेजारी असल्यासारखे झाले. आधी ते आपले होते.

नऊवारी

आणि 'झिम्मा' विसरलात? पहिला १९ नोव्हेंबर २०२१ला लागला. थिएटरं २२ ऑक्टोबरला उघडलेली, तीही निम्म्या क्षमतेनं. आमच्या सोसायटीतल्या अकरा बायका गेलो. त्यातल्या दोघी लॉकडाऊननंतर पहिल्यांदाच घराबाहेर पडल्या होत्या, एकीचे मिस्टर त्याच वर्षी गेले होते. मधली एकेक खुर्ची रिकामी सोडून बसायचं होतं. तरी तिच्या शेजारचीनं खुर्ची ओलांडून हात धरला तो शेवटपर्यंत. निर्मिती सावंत पडद्यावर आल्या की अख्खं थिएटर बोलायला लागायचं. मी पन्नास वर्षांत असा खेळ पाहिला नाही.

दुसरा (२०२३) पाहायला त्याच अकरा जणी गेलो. सिनेमा वाईट नव्हता, हसलोही. पण सोनाली कुलकर्णी आणि मृणाल कुलकर्णी त्यात नव्हत्या, आणि घरातून पहिल्यांदा निघण्याची ती हुरहूर पुन्हा कशी येणार? पडद्यावरच्या बायकाही एकदा फिरून आलेल्या आणि आम्हीही. पहिल्या वेळी आम्हाला तो सिनेमा हवा होता. दुसऱ्या वेळी आम्ही फक्त बघायला गेलो होतो.

चौथी_रांग

नऊवारी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "आमच्याकडेही अगदी असंच." तीही त्या वेळी भिशीच्या बायकांबरोबर गेली होती.

वाळवंटातला

मूळ विषयाकडे येतो. तिसऱ्या भागात एआय वापरून लक्ष्याला पडद्यावर आणायचा विचार आहे असं बातम्यांत वाचलं. दुबईत आम्ही मित्र शुक्रवारी जमतो तेव्हा यावर जोरदार वाद झाला. निम्मे म्हणाले, दिसू दे ना, डोळे भरून बघू. मी त्यातलाच. माझ्या मुलीला लक्ष्या म्हणजे काय ते मोठ्या पडद्यावर दाखवायची मला फार इच्छा आहे. यूट्यूबवर तुकडे बघून कळत नाही ते.

घाटमाथा

मी ठाम विरोधात. लक्ष्याचा विनोद चेहऱ्यावर नव्हता, वेळेत होता. समोरच्याचं वाक्य संपायच्या किंचित आधी तो दचकायचा. अशोक सराफ समोर असले की वेगळा, विजय चव्हाण असले की वेगळा. ते त्या क्षणी समोरच्या माणसाकडे बघून सुचलेलं असायचं. यंत्र चेहरा आणेल, आवाजही आणेल. दचकेल कुणाला बघून?

बाहुलीवाली

घाटमाथा, मी तुमच्या बाजूनं आहे, पण माझं कारण वेगळं आहे. बाहुला निर्जीव असतो आणि माणूस त्याच्यात जीव ओततो, ही त्या सिनेमाची कथाही आणि कलाही. लक्ष्यालाच बाहुला केलं तर त्याच्यात जीव ओतणारा कोण हे ठरवावं लागेल. तो जर पाध्यांसारखा कलाकार असेल तर मी बघायला तयार आहे.

तिखटमीठ

भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "सिनेमा नीट आठवत नाही मावशी, पण तुझी मांडी आठवते. आणि तू पण घाबरली होतीस." मी खरंच घाबरले होते, मला वाटलं होतं त्याला कळलं नाही.

ओढ्याकाठी

हे बघा! ह्यो बी शर्टच धरून बसलेला.

पडद्यामागे

वाळवंटातला यांच्या मुलीसाठी एक सुचवतो. एआयची वाट बघू नका. पहिला भाग घरी जमेल तेवढ्या मोठ्या भिंतीवर दाखवा, खोलीत पूर्ण अंधार करून, चार-पाच पोरं जमवून. मोबाईल बाहेर. मी आमच्या इमारतीच्या गच्चीवर गणपतीत दाखवला होता, चादर ताणून. चौदा पोरं होती. शेवटी बाहुल्याच्या भुवयांच्या मधोमध गोळी लागते तेव्हा जो आरडाओरडा झाला, तो मी नोकरीत असताना फार थोड्या सिनेमांना ऐकला. सगळी पोरं २०१०नंतर जन्मलेली.

वाळवंटातला

पडद्यामागे, पुढच्या शुक्रवारी करतो. मुलीच्या चार मैत्रिणी आहेत, दोन मल्याळी, एक गुजराती, एक आपली. भाषेचं काय करू?

पडद्यामागे

काही करू नका. बाहुला चालायला लागला की भाषा लागत नाही.

आंबोळी

चौथी_रांग, एक विचारायचं राहिलं. तुमच्या चौघांत तिसऱ्याला ठाम नाही म्हणतोय तो कोण? साताऱ्याचाच ना?

चौथी_रांग

हो, तोच. काल फोन केला त्याला. तो जे बोलला ते इथं लिहू का म्हणून विचारलं, तो हो म्हणाला.

त्यानं पहिला भाग मोठ्या भावाबरोबर पाहिला होता, एसटी स्टँडजवळच्या एका जुन्या थिएटरात. भावानं त्याचे डोळे हातानं झाकले होते, पण बोटं मुद्दाम थोडी फाकलेली ठेवली होती. म्हणजे घाबरायलाही मिळावं आणि झाकल्यासारखंही व्हावं. भाऊ आता नाही. २०१३ला रजा टाकून तो पुण्याला आला तेव्हा त्याला ते सगळं पुन्हा मिळेल असं वाटलं होतं, आणि मध्यंतरापर्यंत त्याला कळलं की नाही मिळणार. चार वर्षं एका खोलीत राहूनही आम्हा तिघांना हे माहीत नव्हतं. मी इथं बाहुला, लक्ष्या, थ्रीडी यावर एवढं लिहिलं आणि त्याचं "भीतीच वाटेना" हे वाक्य मला आजवर अर्धंच कळलं होतं.

मी त्याला हा धागा वाचायला दिला. ओढ्याकाठींचा प्रतिसाद त्यानं मला परत फोनवर वाचून दाखवला, पूर्ण.

तर आमचं ठरलंय ते असं. पडद्यामागे यांनी सांगितलं तसं नगरवाल्याच्या शेतावरच्या घरी चौघांनी जमायचं, भिंतीवर पहिला भाग लावायचा. चिपळूणवाला प्रोजेक्टर आणतोय. घराला पुढं मोकळं आवार आहे आणि रस्त्यापर्यंत लाईट नाही, त्यामुळे ओढ्याचीही सोय झाली. तिसऱ्याचं मात्र अजून ठरत नाही. साताऱ्याचा म्हणाला, "पहिल्याला येतो. पुढच्याचं तिकीट माझं काढू नका, त्या दिवशी वाटलं तर दारात येऊन काढीन."

ओढ्याकाठी

बॅटरी एकच न्या.

आंबोळी

चौथी_रांग, तिकिटं चार काढून ठेव.